तोंड ज्याचं त्याचं

३ ऑक्टोबर

भावा,

सगळा पक्ष तुला भाऊ म्हणायचा. त्यात मी एकटीच अशी, जिचा तू खरोखरचा भाऊ. म्हणून मायना शोधत बसले नाही. पाकिटावर 'राजदूत महोदय' लिहिलंय, तेवढा मान पुरे.

परवा तुझी मुलाखत पाहिली. पाठीमागे पुस्तकांचं कपाट, नवा टाय, आणि आवाज पूर्वीपेक्षा हळू. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्या पक्षाचा जन्म कुठे झाला? तू न अडखळता म्हणालास, विद्यापीठाच्या सभागृहात.

पक्षाचा जन्म माझ्या दवाखान्यात झाला, भावा. बाहेरच्या खोलीत, जिथे दात दुखणारी माणसं गालाला हात लावून नंबराची वाट बघतात. तिथे झाला, कारण आपल्यापैकी कुणाकडेच इतक्या खुर्च्या नव्हत्या. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र होतं. त्याच्याखाली बसून तू, माझा नवरा आणि तो दणदणीत आवाजाचा वकील, ज्याला आपण तोफ म्हणायचो, असे तिघं देशाचं भवितव्य ठरवत होतात. मी आत हत्यारं उकळत होते आणि दार उघडं ठेवून ऐकत होते.

तोफ म्हणत होता, जनरलांनी आपला झेंडा पळवलाय, तो आधी परत आणू. मास्तर म्हणत होते, आणा, पण तो हातात आल्यावर आपण कुणाचं तोंड दाबणार नाही हे आत्ताच ठरवा. (माझ्या नवऱ्याला मीही मास्तरच म्हणते. सगळं गाव म्हणतं, मग मी एकटीने वेगळं काय म्हणायचं.) तू दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही होकार देत होतास. ती कला तुला लहानपणापासून अवगत. आईने विचारलं तरी हो, बाबांनी विचारलं तरी हो.

तेव्हा आतून मीच म्हणाले, "झेंडा सगळ्यांचा, तोंड ज्याचं त्याचं." दातांच्या डॉक्टरला दुसरं काय सुचणार? तुम्ही तिघं हसलात. मग हसायचे थांबलात, आणि तोफेने ते कागदावर उतरवून घेतलं.

त्या एका ओळीवर काय काय उभं राहिलं. जनरल गेले ते संपांमुळे, आपल्यामुळे नाही, हे मास्तर नेहमी सांगायचे. पण ते गेल्यावर लोकांना जे म्हणायचं होतं, त्याचे शब्द आपल्याकडे तयार होते. देशावर प्रेम आहे असं म्हणायची लाज वाटत नाही आणि सरकारला शिव्या द्यायची भीती वाटत नाही, असं एकाच दमात म्हणता येतं हे लोकांना नवीन होतं. माझे पेशंट तोंडात कापूस असताना मला विचारायचे, भाऊ कुठून उभे राहणार? पहिल्याच निवडणुकीत तुम्ही तिसरे आलात, आणि तुमच्याशिवाय कुणाचं सरकार बनेना. तू गृहमंत्री झालास. शपथविधीच्या वेळी आई टीव्हीसमोर उभीच राहिली. बस म्हटलं तर म्हणाली, तो उभा आहे ना तिथे, मग मी कशी बसू?

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे काल कार्यालयाची पाटी उतरवली. मतं किमान आकड्याच्याही खाली गेली म्हणून आयोगाने पक्षाची नोंदणी रद्द केली. घरमालकाने दोन माणसं पाठवली होती. स्क्रू गंजलेले, सुटेनात, म्हणून त्यांनी पाटी भिंतीच्या पोपड्यासकट ओढून काढली. बघायला मी एकटीच होते. मास्तर आले नाहीत. ते सध्या घरी नसतात.

ताई


१९ ऑक्टोबर

भावा,

तुझं उत्तर नाही. मास्तर कुठे असतात हेही तू विचारलं नाहीस. मी असं लिहिलं होतं, जसा काही माणूस फिरतीवर गेलाय. ते तुरुंगात आहेत. तुला ठाऊक असणारच, राजदूतांना वर्तमानपत्रं मिळतात. तरी माझ्या तोंडून ऐक.

नवव्या इयत्तेला ते नदीच्या लढाईचा धडा शिकवत होते. एका मुलीने विचारलं, आपल्या काठावरची गावं कुणी जाळली? मास्तर म्हणाले, "आपल्याच सैन्याने. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून." हे सरकारच्याच जुन्या अहवालात आहे. कुणाच्या तरी पालकाने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोलीस शिक्षकांच्या खोलीत आले. मास्तर पेपर तपासत होते. ते म्हणाले, एवढा गठ्ठा संपवू द्या, मुलं वाट बघतायत. संपवू दिला नाही.

कलम नऊ. 'राष्ट्राचं मनोबल खचेल असं बोलणं.' आरोपपत्राशिवाय वर्षभर आत ठेवता येतं. तुला मी काय सांगू, कायदा तुझा आहे.

तू मनात काय म्हणत असशील तेही मला कळतं. ताईला काय माहीत तेव्हाची परिस्थिती. मला माहीत आहे. पुलावर स्फोट झाला तेव्हा मेलेल्यांत माझी एक पेशंट होती, बँकेतली कारकून, हसरी बाई. तिची ओळख पटवायला मला बोलावलं होतं, कारण तिच्या दाढेत मी भरलेली चांदी तेवढी ओळखण्यासारखी उरली होती. त्यामुळे आम्हाला झळ लागली नव्हती असं मला कुणी सांगू नये. त्या आठवड्यात कुणी कायदा मागितला असता तर मीही हात वर केला असता.

पण पक्षाचं अधिवेशन त्या आठवड्यात नव्हतं. पुष्कळ नंतर होतं, डोकी थंड झाल्यावर. तोफेने गळ्याच्या शिरा ताणून कायदा मागितला. निम्मं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मास्तर उठले तेव्हा मागून कुणीतरी शीळ घातली. ते थोडंच बोलले. म्हणाले, "आज हा कायदा चांगल्या माणसाच्या हातात आहे, हे मला मान्य. पण कायदा माणसाकडे राहत नाही, खुर्चीकडे राहतो."

मग तू उठलास. तू म्हणालास, कलम नऊ दोन वर्षांनी आपोआप संपेल, मी भर सभेत शब्द देतो. तुझ्या त्या शब्दावर काठावरचे सगळे हात वर गेले. पक्षाने कायदा उचलून धरला. विधेयक छापून आलं तेव्हा दोन वर्षांचं ते वाक्य त्यात नव्हतं. तू म्हणालास, घाईत राहिलं, पुढच्या अधिवेशनात घालू. घातलं नाहीस. निम्मे लोक पक्ष सोडून गेले. मास्तर गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, मी का जाऊ, चुकलोय का मी?

आणि मग निवडणूक. ज्यांना नुसता झेंडा हवा होता ते सरळ मोठ्या साहेबांच्या मागे गेले. अस्सल माल शेजारच्या दुकानात मिळत असताना नक्कल कोण घेतो? ज्यांना तोंड उघडं हवं होतं ते मतदानाला घराबाहेरच पडले नाहीत. आपली एक जागा आली नाही. ज्या मोठ्या साहेबांच्या आघाडीत तू मंत्री होतास ते एकटेच सगळं घेऊन बसले आणि तोफसुद्धा त्यांच्याच तिकिटावर निवडून येऊन त्यांच्या बाकावर जाऊन बसला. तुला त्यांनी परदेशात पाठवलं. लोक म्हणाले, शिक्षा केली. मी तुझा बंगला मुलाखतीत पाहिला.

आता मागणं. मला मागायला लावलंस, तेही लक्षात ठेवीन. सुनावणी अठ्ठावीस नोव्हेंबरला आहे. मास्तरांच्या वकीलबाई म्हणतात, कायदा आणणाऱ्या मंत्र्याने एवढं लिहून दिलं की कलम नऊ तात्पुरतं होतं आणि शाळेतल्या शिकवण्यासाठी नव्हतं, तर न्यायालय ते विचारात घेईल. एक पान. तुझी सही. खोटं काहीच लिहायचं नाहीये, जे बोललास तेच लिहायचं आहे.

ताई


८ नोव्हेंबर

भावा,

तुझ्या दूतावासाच्या सचिवांचं उत्तर मिळालं. "आपले पत्र पोहोचले. महोदय आपल्या व कुटुंबीयांच्या उत्तम आरोग्याची कामना करतात."

माझं आरोग्य उत्तम आहे. कुटुंबीयांचं सांगते.

भेट महिन्यातून एकदा, मध्ये जाळी. मागच्या वेळी मास्तर बोलताना डाव्या बाजूने ओठ दाबून धरत होते. मी म्हटलं, तोंड उघडा. उजेड नव्हता, तरी मला दिसलं. खालची दाढ, भरली तर अजून वाचेल अशी. तुरुंगाचा दंतवैद्य भरत नाही, उपटतो. मी जाळीच्या अलीकडे हात बांधून बसले होते आणि माझ्या नवऱ्याच्या दाढेला काय हवंय ते मला पुरतं कळत होतं. तू कधी असा बसलायस का रे? सगळं येत असून काहीच करता येत नाही असा? विसरलेच. तुझं नेमकं उलटं आहे.

ते दर भेटीत तुझी चौकशी करतात. त्याचं काही कळलं का? तो तिथे एकटा पडला असेल. मी सांगते, बरा आहे. ते तर खोटं नाही.

तुला पुन्हा लिहायला बसले तेव्हा आई शेजारी वाटाणे सोलत होती. मी लिहितेय कुणाला ते तिला कळलं. सोलता सोलताच म्हणाली, "त्याला लिहू नकोस. तो काही करणार नाही. मी वाढवलाय त्याला."

ही ती बाई, जी तुझ्या शपथविधीला उभी राहिली होती.

सुनावणीला अजून अवकाश आहे. पान एकच आहे.

ताई


२९ नोव्हेंबर

भावा,

तुझं पान आलं नाही.

काल काय झालं ते तुला कळायला हवं, कारण तुझं नाव तिथे निघालं. न्यायालयाची खोली लहान, खिडक्या वर, आणि बाकं अशी की पाठ टेकली की करकरतात. मास्तरांना आणलं तेव्हा मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. सरकारी वकील बोलले. आमच्या वकीलबाई बोलल्या आणि मध्येच थांबून दाराकडे पाहू लागल्या. मला वाटलं, तू आलास. खरंच वाटलं. मूर्खासारखी मी उठून उभी राहिले.

दारात तोफ होता.

माझ्या मनात त्या माणसाबद्दल काय होतं ते तुला ठाऊक आहे. अधिवेशनानंतर मी त्याला दवाखान्याची पायरी चढू दिली नव्हती. त्याच्या अक्कलदाढेसाठी त्याला पार दुसऱ्या शहरात जावं लागलं, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. आणि आता तर तो मोठ्या साहेबांचा आमदार. वकीलबाईंनी त्याला विचारलं होतं, पण तो येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं, म्हणून मला सांगितलं नव्हतं.

तो साक्षीला उभा राहिला. तोफ म्हणून ज्याची ख्याती, त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता. न्यायाधीशांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "कायदा मी मागितला होता. ओरडून मागितला होता. मला स्फोट घडवणारे हवे होते, शाळामास्तर नको होता. आणि कलम नऊ दोन वर्षांत संपेल असा शब्द आम्हाला भर सभेत दिला होता. मी पहिल्या रांगेत होतो."

न्यायाधीशांनी विचारलं, शब्द कुणी दिला?

तो म्हणाला, "तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी."

"ते आज हजर आहेत का? त्यांचं काही लेखी?"

"नाही."

तो 'नाही' मात्र सगळ्यांना ऐकू आला. मी मास्तरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, दुःखाने. नंतर कळलं, तुझी त्यांना लाज वाटत होती. तुझ्या वतीने.

बाहेर व्हरांड्यात चहाच्या यंत्राजवळ तोफ एकटाच उभा होता. त्याच्या पक्षाचे लोक त्याला टाळून वाट काढत होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले. आभार मानायला तोंड उघडलं, तर तोच आधी म्हणाला, "ताई, गैरसमज नको. कायदा हवाच होता असं मी आजही म्हणतो." मी म्हटलं, म्हण बाबा, तोंड ज्याचं त्याचं. तो हसला नाही. मग आम्ही दोघांनी चहा घेतला, भयंकर चहा.

निकाल राखून ठेवलाय.

मी इतकी वर्षं हिशेब असा मांडला होता की तोफ वाईट आणि तू कमकुवत, आणि वाईटापेक्षा कमकुवत बरा. तो हिशेब काल फाडून टाकला.

ताई


३० जानेवारी

मास्तर घरी आले. तुला कळवायचं नव्हतं, पण ते रोज विचारतात, त्याला लिहिलंस का? म्हणून लिहितेय.

सुटले ते कुठल्याशा तांत्रिक चुकीवर, अटकेच्या कागदावर चुकीच्या अधिकाऱ्याची सही होती म्हणून. तोफेच्या साक्षीची निकालपत्रात दखल आहे, अर्धी ओळ. कलम नऊ जिथल्या तिथे आहे. शाळेने त्यांना परत घेतलं नाही. तोफेला साहेबांनी पक्षातून काढलं. तो पुन्हा वकिली करतो म्हणे, भाडेकरूंचे दावे वगैरे.

पहिल्याच दिवशी मी मास्तरांना माझ्या खुर्चीत बसवलं. दिवा लावला, म्हटलं, आ करा. होईना. जबडा डाव्या बाजूला अडकतो आणि पुढे जात नाही. मी विचारलं, कशाने? म्हणाले, थंडीने असेल. मी आयुष्यभर जबडेच बघत आलेय. थंडीने काय होतं आणि कशाने काय होतं, ते मला कुणी सांगावं लागत नाही. मी दिवा बंद केला. मग आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो, ते खुर्चीत आणि मी त्या छोट्या फिरत्या स्टुलावर, आणि बाहेरचे पेशंट कंटाळून निघून गेले.

यावर तुझ्या सचिवांनी काही कामना करू नये.

ताई


१४ मार्च

भावा,

तुझं पत्र आलं. तुझ्या हातचं. अक्षर अजून तसंच, ओळी उजवीकडे चढत जाणारं.

तू लिहितोस, कुठल्याशा जेवणात तिथल्या पत्रकारांसमोर तुझ्या तोंडून निघून गेलं की आपल्याकडची गेली निवडणूक धड झाली नाही. ते छापून आलं. आता मोठ्या साहेबांनी तुला परत बोलावलंय आणि तुझ्या माणसांनी सांगितलंय की विमानतळावरच कलम नऊ लागेल. तू विचारतोस, यावं की तिथेच आसरा मागावा? आणि शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, विचारतोस की भावोजी न्यायालयात सांगतील का, त्या दिवशी सभेत मी शब्द दिला होता म्हणून.

ती ओळ मी तीनदा वाचली. पहिल्यांदा हसले, ते मास्तरांना आतल्या खोलीत ऐकू गेलं. म्हणून मग जेवणाच्या टेबलावर पत्र मोठ्याने वाचावं लागलं. आई ऐकत होती. वाचून झाल्यावर ती उठली, आपलं ताट धुतलं आणि झोपायच्या खोलीत गेली. ती रागावली की घाबरली हे मला कळलं नाही. तिचं वय झालंय, भावा. या वयात दोन्ही एकसारखंच दिसतं.

मास्तर म्हणाले, शेवटची ओळ पुन्हा वाच. मी वाचली. म्हणाले, "लिही त्याला. मी उभा राहीन."

मी आजवर त्या माणसावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, तुमच्यासाठी त्याने एक पान पाठवलं नाही. तुमचा जबडा बघा, तुमची नोकरी बघा. तोफ आपली खुर्ची घालवून आला आणि हा आमच्या आरोग्याची कामना करत बसला. आणि आता त्याच्यासाठी तुम्ही पुन्हा त्या लोकांच्या समोर जाऊन उभे राहणार? ते तुम्हाला विसरत आले असतील नसतील, त्यांना आठवण करून देणार?

ते सावकाश बोलतात आता, एकेक शब्द बाजूने काढतात. म्हणाले, "तू म्हणतेस ते सगळं बरोबर आहे. पण कलम कुणाला लागतंय ते बघून मी विरोध करायला लागलो, तर मग आपला पक्ष खरंच संपला."

मी म्हटलं, संपलाय तो. पाटी भिंतीतून उपटताना मी बघितलीय.

ते माझ्याकडे बघत राहिले, वर्गात एखाद्या हुशार मुलीने सोपं उत्तर चुकवावं तसे.

तर भावा, पक्ष अजून आहे असं कळतं. सदस्यसंख्या एक. मी त्यात नाही. मी होते ती त्या ओळीपुरती, आणि ती ओळ मला आता सोसत नाही. तू विचारलंस तर मी म्हणेन, तुला आत टाकावं, आणि दर महिन्याला जाळीपलीकडून कुणी तुला भेटायला येऊ नये. मास्तरांना हे मी सांगितलंय. ते म्हणाले, हेही लिही, त्याला कळू दे.

यावं की नाही ते तुझं तू ठरव. लहानपणापासून तुझे निर्णय दुसऱ्यांच्या तोंडून वदवून घ्यायची तुला सवय, या वेळी मी ते करणार नाही. आलास आणि पकडलं तर वकीलबाईंना कळव, त्या तोफेशीही बोलतील. तो येईल असं मला वाटतं. तो तुला काही ऐकवल्याशिवाय राहणार नाही, पण येईल.

सुनावणीला मीही असेन. न्यायालयाचा जिना उभा आहे आणि मास्तरांना आता धरल्याशिवाय चढवत नाही. मी त्यांच्यासाठी तिथे असेन. तुझ्यासाठी आलेय असं समजून माझ्याकडे बघू नकोस.

ताई